तीस मार्कांची शिकवणी

काकू एका मार्काने नापास झाल्या याचं सरांना दुःख झालं नाही, राग आला. तीसपैकी वीस हवे होते, पडले एकोणीस. ज्या माणसाने बेचाळीस वर्षं गणिताच्या शिकवण्या घेतल्या, त्याचीच बायको एका मार्काने नापास! असल्या काठावर बुडणाऱ्या पोरांना ओढून बाहेर काढणं हाच तर सरांचा धंदा होता. हुशार मुलं दुसरीकडे जायची. सरांकडे यायची ती, ज्यांच्यापुढे शाळेने हात टेकले होते अशी. आणि सर त्यांना पास करून दाखवायचे. शिकवून नव्हे. शिकणं-बिकणं असल्या लांबच्या रस्त्याला सर कधी गेले नाहीत. परीक्षक काय विचारतो ते हेरायचं आणि नेमकं तेवढंच पोराच्या डोक्यात ठोकून बसवायचं. पुढे त्या पोराला गणित येवो न येवो, ते त्याचं नशीब.

ही परीक्षा मात्र शाळेची नव्हती. विद्यापीठाच्या वैद्यकीय कॉलेजात, मागच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, विस्मरणाच्या आजारावरच्या एका नव्या औषधाची चाचणी सुरू झाली होती. दर चार आठवड्यांनी यायचं, खुर्चीत टेकून बसायचं आणि तासभर हातातून सलाईन घ्यायचं. निम्म्या लोकांच्या बाटलीत औषध, निम्म्यांच्या बाटलीत नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय मिळतंय ते ना पेशंटला ठाऊक, ना डॉक्टरांना. ते ठरवणार दूर कुठेतरी ठेवलेला संगणक. पण बाटलीपर्यंत पोचायच्या आधी ही तीस मार्कांची परीक्षा होती. आज तारीख काय, वार कोणता, हा मजला कितवा. तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा, पाच मिनिटांनी विचारेन. शंभरातून सात वजा करा, त्यातून परत सात. हे चित्र बघून काढा. एक वाक्य लिहा. वीस ते सव्वीस मार्क पडले तर आत. सव्वीसच्या वर म्हणजे आजार पुरेसा नाही, आणि विसाच्या खाली म्हणजे आजार फार पुढे गेला, आता औषधाने काही व्हायचं नाही.

"म्हणजे काकूंना नाही घेता येणार," फाइलवाली ताई म्हणाली. चाचणीची सगळी कागदपत्रं सांभाळणारी आणि ही परीक्षा घेणारी मुलगी. तिच्या दोन्ही काखांत कायम फायली, म्हणून सरांनीच तिचं हे नाव पाडलं होतं. "वाईट वाटून घेऊ नका, सर."

"एका मार्कासाठी?"

"नियम आहे, सर."

"मग नियमात फेरपरीक्षाही असेल की. कुठल्या परीक्षेला नसते?"

ताईने नियमांची जाडजूड फाइल चाळली. होती. तीस दिवसांनंतर, एकदाच.

काकू बाकावर बसून पर्सची चेन उघडमीट करत होत्या. "झालं का हो?" त्यांनी विचारलं. "घरी जायचं ना?"

"घरी तर जाऊच," सर म्हणाले. "बघतोच तुझ्याकडे."

सरांचं काकूंवर प्रेम नव्हतं असं कोणी म्हणू नये. होतं, भरपूर होतं. काकू शाळेचे गणवेश शिवायच्या. पोरगं दारातून आत येईपर्यंत त्याच्या खांद्याचं माप त्यांच्या डोळ्यांत भरलेलं असायचं, टेप लावायचा तो फक्त पोराच्या आईच्या समाधानासाठी. गेल्या वर्षी त्यांनी एका शर्टाला तीन बाह्या लावल्या आणि गिऱ्हाइकासमोर तो शर्ट उलटसुलट करत बसल्या. त्या दिवशी सर घाबरले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा तर त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. आज ना उद्या ही मला विसरणार, मग मी या घरात कोणाचा, ही ती भीती. आणि घाबरलेल्या माणसाला जे एक काम येतं तेच तो जोरजोरात करायला लागतो.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. सकाळी सात ते नऊ, संध्याकाळी पाच ते सात. दाराला कान लावून सरांनी अख्खा पेपर ऐकला होता. तो त्यांनी दोनशे पानी वहीत उतरवून काढला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी काकूंना बसवलं.

"आज तारीख?"

"अहो, मला काय ठाऊक. पेपर बघा ना."

"तिथे पेपर नसतो. तारीख?"

तारीख सांगितल्याशिवाय चहा नाही, हा पहिला नियम. काकूंचा कप सरांच्या हाताशी ठेवलेला असायचा आणि तारीख येईपर्यंत गार व्हायचा. चुकलं की उभं राहायचं, हा दुसरा. सत्तरीला टेकलेली बाई ओट्याला धरून उभी राहायची आणि शंभरातून सात वजा करायची. वजा करायची म्हणजे काय, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट हे पाच आकडे धडाधड म्हणायची. खरी वजाबाकी करतंय कोण! मजला कितवा, याचं उत्तर 'दुसरा', मग प्रश्न तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात विचारलेला का असेना.

सरांची जुनी लाकडी पट्टी टेबलावर आपटायची. तीन-चारदा ती काकूंच्या बोटांवर आपटली. चुकून, असं सर स्वतःला सांगायचे. पण एकच चूक तीन-चारदा होत नसते, एवढं तरी गणिताच्या माणसाला कळायला हवं.

काकू रडायच्या. आणि गंमत बघा, आपण का रडलो ते दहा मिनिटांत विसरायच्या. सरांना ही मोठी सोय वाटली. सकाळचा मार संध्याकाळी आठवत नाही, रुसवा नाही, फुगवा नाही, घरी जाऊन आईबापांना सांगणं नाही, असा विद्यार्थी बेचाळीस वर्षांत त्यांना मिळाला नव्हता.

फेरपरीक्षेत काकूंना बावीस मार्क पडले. तीन शब्दही हुकले, कारण तिथे शब्दच वेगळे निघाले. घोकले होते 'चेंडू, खुर्ची, झाड' आणि ताईने विचारले 'छत्री, पूल, मीठ'. सरांनी ते लगेच टिपून घेतलं. पुढच्या दोन महिन्यांत त्यांना पक्कं कळलं की शब्दांचे संच तीन आहेत आणि ते आळीपाळीने येतात. तीन संच म्हणजे नऊ शब्द. नऊ शब्दांसाठी विद्यापीठाने एवढं डोकं चालवलं याचं त्यांना हसू आलं.

सुरुवातीलाच एक सत्तावीस पानी संमतीपत्र सह्यांसाठी मिळालं होतं. सर म्हणजे प्रश्नपत्रिका दोनदा वाचणारा माणूस. त्यांनी ते शब्दन् शब्द वाचलं. अकराव्या पानावर लिहिलं होतं की या औषधाने काहींच्या मेंदूला सूज येते, क्वचित रक्तस्रावही होतो. डोकं दुखणं, चालताना तोल जाणं, धूसर दिसणं, गोंधळ एकाएकी वाढणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी कळवावं. मेंदूचा फोटो काढला जाईल. सूज असेल तर डोस थांबवला जाईल. वेळीच थांबवला तर सूज बहुतेक वेळा आपोआप उतरते. सरांनी लाल पेनाने एकच ओळ अधोरेखित केली: डोस थांबवला जाईल.

प्रत्येक पेशंटबरोबर एक सोबती लागायचा. घरी काय चाललंय ते खरंखरं सांगायचं, एवढंच त्याचं काम. काकूंची परीक्षा आत चालू असताना ताईची मदतनीस शेजारच्या खोलीत सरांपुढे सोबत्याचा फॉर्म ठेवायची. डोकेदुखी? तोल जाणं? नजर? गोंधळ? सरांचं पेन चौकटींमधून उतारावरून पळत सुटायचं. नाही, नाही, नाही, नाही.

आणि खरंच, पहिले सहा डोस काही नव्हतंही. दर तीन डोसांनी मेंदूचा फोटो निघायचा, दोन्ही फोटो स्वच्छ आले. मार्क चढत गेले. तेवीस, चोवीस, पंचवीस. चाचणीचे प्रमुख असलेले मोठे डॉक्टर एकदा मुद्दाम बाहेर आले आणि सरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "आमच्या सगळ्या पेशंटमध्ये काकू पहिल्या आहेत, सर. परवाच्या बैठकीत मी नाव न घेता त्यांचाच आलेख दाखवला."

पहिला नंबर! सर दोन दिवस जमिनीवर नव्हते. आलेखात काय चढत होतं, औषध की पट्टी, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. घरी काकू नळ उघडा ठेवायच्या, चपला फ्रिजमध्ये ठेवायच्या, आणि एकुलत्या एका बहिणीचं नाव त्यांना आठवत नव्हतं. पण यातलं काही पेपरात नव्हतं.

नाव पसरलं की विद्यार्थी येतातच. लोकरीची टोपी घालून बसणारे एक म्हातारे इलेक्ट्रिशियन त्याच दिवशी डोसाला यायचे. त्यांना सगळे टोपीवाले म्हणत. त्यांची मुलगी दातांच्या डॉक्टरांकडे कामाला होती, महिन्यातला तो एक दिवस मिनतवारी करून सुटी काढायची. टोपीवाल्यांचे मार्क घसरत होते. सतराच्या खाली गेले की चाचणीतून नाव कमी, असा नियम होता, आणि ते अठरावर आले होते.

"सर, काकूंना कसं काय जमतं हो?" मुलीने एकदा हळूच विचारलं. "माझ्या बाबांना काढून टाकतील. दुसरं काहीच औषध नाहीये यावर."

सरांना भरून आलं. कितीतरी वर्षांनी कोणीतरी अशा तोंडाने त्यांच्यापुढे उभं होतं. पुढच्या खेपेला त्यांनी अख्ख्या वहीची झेरॉक्स तिच्या हातात ठेवली. विद्या दिल्याने वाढते, असं वर म्हणालेही.

"आणि एक लक्षात ठेव, पोरी. सोबत्याच्या फॉर्मवर रडगाणं गायचं नाही. डोकं दुखलं, चक्कर आली, या वयात कोणाचं दुखत नाही? लिहिलंस की डोस बंद. मग बस हात चोळत."

तिने मान डोलावली. पुढच्याच महिन्यात टोपीवाल्यांना बावीस पडले आणि मुलीने सरांच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं.

सातव्या डोसानंतर आठवड्याभरात काकूंचं डोकं दुखायला लागलं. आधी त्या नुसत्या कपाळावर हात ठेवायच्या. मग सकाळी उठल्या उठल्या भिंतीला कपाळ टेकवून उभ्या राहायला लागल्या. भिंत गार लागते, म्हणाल्या. चालताना त्या डावीकडे जायच्या आणि दाराच्या चौकटीवर खांदा आपटायच्या. आणि याच दिवसांत त्या नवऱ्याला 'अहो' म्हणायच्या थांबल्या. 'सर' म्हणायला लागल्या.

"सर, मी घरी जाऊ?" त्यांनी एका सकाळी टेबलाशी बसून विचारलं. "माझे मिस्टर वाट बघत असतील."

अकरावं पान सरांना पाठ होतं. गोंधळ एकाएकी वाढणं. त्यांनी वही मिटली. दहा-पंधरा मिनिटं तरी त्यांना काय करायला हवं ते लख्ख कळत होतं. मग त्यांनी हिशेब मांडला. कळवलं, फोटो काढला, सूज निघाली, की डोस बंद. डोस बंद म्हणजे चाचणी बंद. मग ही बोटांच्या फटीतून वाळूसारखी निसटून जाणार आणि आपण बघत बसणार. त्यापेक्षा आठवा डोस होऊ दे. कदाचित औषध लागू पडतंय म्हणूनच डोकं दुखत असेल. आणि आता पहिल्या नंबरावरून उतरायचं?

"तारीख सांगितलीस की जायचं घरी," ते म्हणाले आणि वही उघडली.

त्याच आठवड्यात मेहुणी आली. काकूंची ही धाकटी बहीण. जिभेला हाड नाही, पण काळीज मेणाचं. ती येऊन उभी राहिली तेव्हा काकू ओट्याला धरून शंभरातून सात वजा करत होत्या आणि त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी गळत होतं.

"भाऊजी, हे काय चालवलंय?"

"उजळणी."

"उजळणी? तिला धड उभं राहता येत नाहीये! अगं, इकडे बस. काय दुखतंय तुझं?"

"डोकं," काकू म्हणाल्या. मग घाबरून त्यांनी सरांकडे बघितलं. "नाही. छत्री, पूल, मीठ."

मेहुणीने कपाळावर हात मारून घेतला. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात फोन करा. नाहीतर मी करते."

"तू कोण करणार? सोबती मी आहे. कागदावर माझं नाव आहे." दवाखान्याचा नंबर फक्त सरांच्या फोनमध्ये होता, तो त्यांनी उचलून खिशात टाकला. "सोमवारी डोस आहे. तेव्हा तिथे डॉक्टर असतातच. त्यांना सांगतो."

"नक्की?"

"सांगतो म्हटलं ना."

मेहुणीने विश्वास ठेवला. शिक्षकाच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात. दोन दिवस राहून, बहिणीचं डोकं चेपून, तिचे केस विंचरून ती गेली.

सोमवारी सरांनी काकूंना डोकेदुखीची गोळी देऊनच बाहेर काढलं. जिना नको, लिफ्टने जाऊ म्हणाले, आणि दंडाला अशा बेताने धरून चालवलं की तोल गेलेला कोणाला दिसू नये. काकू आत गेल्या. सर फॉर्म भरायला बसले. नाही, नाही, नाही, नाही.

थोड्या वेळाने ताई स्वतः बाहेर आली. तिच्या हातात या वेळी एकच कागद होता.

"चोवीस, सर. छान आहेत. पण..." ती घुटमळली. "मी सहज विचारलं, काकू, माझ्या या बाहीचं माप सांगा बरं. दर वेळी अंदाजाने सांगतात, आमचा खेळच आहे तो. आज नुसत्या बघत राहिल्या. आणि मला 'सर' म्हणाल्या."

"शिकवणीचं घर आहे आमचं," सर हसले. "दिवसभर तोच शब्द कानावर."

"थकल्यासारख्या वाटतायत. डोकंबिकं दुखत नाही ना? काही असलं तर सांगा हं सर. आज डोस पुढे ढकलता येईल. फोटो काढून बघू, अर्ध्या तासाचं काम आहे."

अर्ध्या तासाचं काम. ताईने दार सताड उघडून दिलं होतं, फक्त पाय उचलून आत टाकायचा होता.

"ठणठणीत आहे ती," सर म्हणाले. "रात्री जरा जागरण झालं, बाकी काही नाही."

आठवा डोस झाला. बुधवारी सकाळी तारीख विचारल्यावर काकूंनी तोंड उघडलं, त्यातून विचित्र घोगरा आवाज आला आणि त्या खुर्चीवरून आकडी येऊन खाली पडल्या. हिला नाटकं सुचतायत, असं सरांना पहिली दोन-चार सेकंदं खरंच वाटलं. शुक्रवारी दुपारी काकू गेल्या. मधल्या काळात त्यांना शुद्ध आली नाही.

मेहुणी आली, बहिणीच्या पायाशी बसली आणि जाताना सरांसमोर उभी राहिली. "तुम्ही सांगितलं होतंत ना डॉक्टरांना?"

"सांगितलं होतं," सर म्हणाले. "ते म्हणाले, चालेल."

मेहुणीने डॉक्टरांना तळतळून शिव्या दिल्या आणि भाऊजींच्या पाठीवरून हात फिरवला.

तीन आठवड्यांनी मोठ्या डॉक्टरांनी सरांना बोलावून घेतलं. छोटीशी खोली, खिडकीत एक कुंडी, टेबलावर काकूंची फाइल. ताई कोपऱ्यात बसली होती, तिचे डोळे सुजले होते.

"मेंदूला सूज होती, त्यातून रक्तस्राव झाला," डॉक्टर म्हणाले. "अशा वेळी बाटलीचं गुपित उघडावं लागतं. काकूंना औषधच मिळत होतं, सर. मिठाचं पाणी नव्हे."

आणि माणूस किती खालच्या थराला जातो बघा, सरांना क्षणभर बरं वाटलं. म्हणजे मेहनत फुकट नव्हती गेली.

"आता मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे. नीट आठवून सांगा." डॉक्टर पुढे झुकले. "ही सूज सहसा एका दिवसात येत नाही. आधी डोकं दुखतं, तोल जातो, गोंधळ वाढतो. तसं काही होतं का? होतं असेल, तर मी आत्ता इथूनच सगळ्यांचे डोस थांबवतो आणि सगळ्यांच्या मेंदूचे फोटो काढतो. नसेल, काहीच खूण न दाखवता झालं असेल, तर तो काकूंच्या रक्तवाहिन्यांचा दोष असू शकतो. मग तज्ज्ञांची समिती पुढच्या महिन्यात बसेल, तोपर्यंत वेळापत्रकाप्रमाणे चालू राहील. यावर बऱ्याच लोकांचं अवलंबून आहे."

खरं सांगायला चार शब्द पुरले असते. पण ते चार शब्द म्हणजे, मला ठाऊक होतं, मी तिला मारलं. डॉक्टर ऐकणार, ताई ऐकणार, ते कागदावर येणार, आणि एक दिवस मेहुणीपर्यंत जाणार. कालपर्यंत लोक दारात येऊन रडत होते, सर, तुम्ही किती केलंत हो तिचं. ती सगळी तोंडं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली.

"काही नव्हतं," ते म्हणाले.

"सर," कोपऱ्यातून ताई म्हणाली, "त्या दिवशी त्या मला..."

"त्या दिवशी चोवीस मार्क होते ना?" सरांचा आवाज वर्गातला झाला. "तुम्हीच दिलेत. गोंधळलेल्या बाईला चोवीस पडतात का?"

कागद सरांच्या बाजूचा होता. डॉक्टरांनी सुस्कारा टाकला आणि लिहिलं: सोबत्याच्या माहितीनुसार कोणतंही पूर्वलक्षण नाही. सरांनी खाली सही केली. सही नेहमीसारखीच आली, एक टोकही हललं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. टोपीवाल्यांची मुलगी होती.

"सर, काकूंचं कळलं. विश्वासच बसत नाही हो. इतक्या छान होत्या." ती रडली. मग नाक ओढून म्हणाली, "सर, एक विचारू? रागावू नका. खरं सांगा, काकूंना आधी काही त्रास होत होता का? नाही म्हणजे, बाबांचं गेले पाच दिवस डोकं दुखतंय. आणि चालताना सारखे एका बाजूला जातायत. मी अजून कोणाला कळवलेलं नाही, तुम्ही म्हणाला होतात ना. पण आता मला भीती वाटायला लागलीये. परवा डोस आहे."

सरांनी डोळे मिटले. एका पोरीला खरं सांगायचं होतं, तेही फोनवर, कागद नाही, सही नाही. पण ही पोरगी आज ऐकणार आणि उद्या ताईकडे जाऊन बोलणार. तिथे कालची सही होती.

"छे गं," ते म्हणाले. "काहीसुद्धा नव्हतं तिला. शेवटच्या दिवसापर्यंत हसतखेळत होती. गेली ती एकाएकी. वय झालं होतं."

"खरंच ना, सर?"

"मी कशाला खोटं बोलू?"

"मग परवा घेऊ ना डोस?"

"घे. चुकवू नकोस."

पलीकडे तिने मोठा श्वास सोडला. "थँक्यू, सर," ती म्हणाली. "तुमच्याशी बोलले की फार धीर येतो."